कळवण्यास आनंद होतो की

“कामावरून काढलं, असं कुणी लिहितं का?” सोबत काम करणाऱ्या तन्वीरने शाल्मलीचा फोन ओढून घेतला. कंपनीने सकाळीच तिचं ओळखपत्र काढून घेतलं होतं आणि दोघं गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होते. “रडणाऱ्याला मुलाखतीला कुणी बोलावत नाही, बाई. कंपनीचे आभार मान. पुढच्या प्रवासाला निघताना आनंद होतोय म्हण.”

तिने तसं लिहून नोकरीच्या साइटवर टाकलं. संध्याकाळपर्यंत खाली अभिनंदनांची रांग लागली. ज्या साहेबाने तिला काढलं होतं, त्यानेही लिहिलं, ‘तुझ्यासारखी माणसं भाग्याने मिळतात.’ काम मात्र कुणी देऊ केलं नाही.

मग बार्शीहून अण्णांचा फोन आला. चुलतभावाने त्यांना ते सगळं मराठीत करून वाचून दाखवलं होतं.

“मोठ्या ठिकाणी लागलीस आणि बापाला दुसऱ्याकडून कळतं होय? आणि साहेबाचा मोठेपणा बघ, तू सोडून चाललीस तरी किती चांगलं लिहिलंय.”

शाल्मलीला खरं सांगायचं होतं. पण अण्णांचा इतका हरखलेला आवाज तिने बारावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता.

“पेढे आणलेत. नव्या कंपनीचं नाव काय सांगू लोकांना?”

“नाव इतक्यात बाहेर सांगायचं नसतं, अण्णा,” ती म्हणाली. “आमच्याकडे तसा नियम असतो.”

अण्णांनी लगेच आवाज खाली आणला. “बरं बरं. मग नुसते पेढे देतो.”