रस्त्यातला भोंडला

"आजी, हात सैल कर ना. लग रही है," यशश्री कुरकुरली.

शरयूने हात सैल केला. फेर दोन पावलं सरकला आणि नातीचा हात पुन्हा मुठीत कधी आवळला गेला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

भोंडला ऐन रस्त्यात मांडला होता. मधोमध पाट, पाटावर रांगोळीचा हत्ती, भोवती झेंडूची फुलं, आणि पोरीबाया हात धरून गोल फिरत होत्या. हत्तीच्या सोंडेसमोर थोड्याच अंतरावर डांबराने भरलेला डंपर उभा होता. ताडपत्रीखालून वाफ निघत होती. त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा. कॉलनीच्या पाठीमागे डांबराचा प्लांट सुरू झाल्यापासून ही वरात दिवसभर घरांच्या फाटकांना घासून जायची. फडताळातल्या कपबशा वाजायच्या, आणि पोरंसोरं फाटकाबाहेर पाऊल टाकेनाशी झाली होती.

गेल्या आठवड्यात पुरुषमंडळी फलक घेऊन इथेच उभी राहिली होती. डंपरने वेगसुद्धा कमी केला नाही. सगळ्यांनी नालीत उड्या मारल्या. मुकुंदरावांच्या चपलेचा चाकाखाली पापड झाला. त्या पापडावर मागाहून पुष्कळ हसून झालं. चपलेत पाय असता तर, हे कुणी बोललं नाही.

मग बायकांनी मनावर घेतलं. "नवरात्र आहे, भोंडला रस्त्यातच घालू," उषाताई म्हणाल्या होत्या, "आणि यंदा पोरी झाडून सगळ्या आणा गं." एरवी पोरींना ओढून आणावं लागे, यंदा घरोघर दोनदोनदा फोन गेले. का, ते कुणी विचारलं नाही. शरयूनेही नाही. उलट तिने यशश्रीला हौसेने नवा परकर शिवला.

आणि आज डंपर थांबला. ड्रायव्हरने पोरी पाहिल्या, करकचून ब्रेक मारला, इंजिन बंद केलं आणि बसल्या जागेवरून हत्तीला हात जोडले. "जल्दी निपटा लो, अम्मा. माल ठंडा हो रहा है."

"बस भैया, दो-चार गाने," उषाताई साखर घोळून म्हणाल्या.

मग एकेक ओळ तीनतीनदा घेतली गेली. गाण्यातल्या सुनेला आज माहेरी जायला जन्म लागला. पण गाणीच ती, कधीतरी संपायचीच. संपली तेव्हा डंपरच्या मागून एक बोलेरो आली, नंबरप्लेट नसलेली. उतरलेल्या माणसाने फेराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डंपरच्या पायरीवर चढून तो ड्रायव्हरच्या कानाशी काहीतरी बोलला, खाली उतरला आणि घड्याळ बघत उभा राहिला. ड्रायव्हरने खिडकीची काच वर केली. आता त्याचा चेहरा दिसेना. काचेत नुसतं संध्याकाळचं आभाळ.



"रेकॉर्डिंग चालू आहे हां!" मुकुंदरावांनी मोबाइल उंचावून आवाज दिला. फाटकाच्या आतून.

"खिरापत! खिरापत!" पोरींनी फेर मोडून उषाताईंना गराडा घातला. उषाताईंनी झाकलेला डबा पोटाशी धरला. खिरापत ओळखली की डबा उघडायचा, आणि डबा उघडला की भोंडला संपला.

"आधी ओळखा. सावकाश ओळखा."

"गोड की तिखट?"

"गोड."

"शंकरपाळे?"

"चूक."

"गुलाबजाम?"

"चूक."

"बेसनाचे लाडू," उषाताईंची नात सीमंतिनी म्हणाली.

"चूक."

"आजी, झूठ! सकाळी मीच तर वळलेत ना!"

"चूक म्हटलं ना!" उषाताईंचा आवाज चिरकला. "आणखी ओळखा."

इंजिन सुरू झालं.

पोरी वळून डंपरकडे बघायला लागल्या. बाया धावल्या आणि आपापल्या पोरीच्या मागे, तिच्या खांद्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती जपताहेत लेकरांना. डंपर हातभर पुढे आला. पोरींना गंमत वाटली. त्या किंचाळून हसल्या. आणखी हातभर. पाटावरचं एक फूल गडगडत रस्त्यावर आलं. डांबराची ऊन वाफ तोंडावर यायला लागली. कुणी मागे सरेना. भीती नव्हती म्हणून नव्हे. आधी कुणी सरायचं, ते ठरेना म्हणून.

"पुन्हा पहिल्यापासून!" उषाताई म्हणाल्या. डबा त्यांनी आणखी घट्ट पोटाशी धरला. "पहिलं गाणं घ्या गं. शरयू, तू सांग. तुझा आवाज पोचतो."

शरयूने यशश्रीच्या डोक्यावरून समोरच्या काचेकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

"उषाताई," ती म्हणाली, आणि आवाज इंजिनाच्या वरताण पोचला खरा, "आपण पोरींना खेळायला नाही आणलं. त्यांच्या आड लपायला आणलंय."