जोडचिंचेच्या सावलीत

“पिंपळखुटा,” देवकीबाई पुन्हा म्हणाल्या. “पिंपळखुटाच हाये माहं गाव.”

पण पिंपळखुट्याच्या पारापाशी उभ्या रुग्णवाहिकेतून अंकुश सांगत होता, “मॅडम, इथं देवकीबाई नावाचं कोणीच नाही राहत. आता कुठी जाऊ?”

नागपुरातल्या मदत-कक्षात मिनलच्या एका कानात चालक अंकुश होता आणि दुसऱ्या कानात देवकीबाई. लेकाने दिलेल्या फोनचं लाल बटण दाबून त्यांनी एकशे बारा गाठलं होतं. त्यांचा म्हातारा अंगणात पडला होता. साखरेचा आजार. अंग घामाने गार, हाकेला ओ नाही. लेक बुटीबोरीत कामावर, त्याचा नंबर त्याच फोनच्या पोटात. शेजारपाजार सगळा मिरची तोडायला गेलेला. पडद्यावर टॉवरचं वर्तुळ मौद्याकडे सकाळच्या धुक्यासारखं पसरलं होतं. त्यात चौदा गावं.

“आजी, त्यांचं नाव काय?”

“अवं, नाव कसं घेऊ त्याईचं?”

“बरं. पिंपळखुट्यात घर कोणाचं?”

“माह्या बापाचं.”

मिनलचा हात थांबला. आठवणी गळता गळता बाईंचं सासर गळून गेलं होतं. फांदीवर उरलं होतं फक्त माहेर.

“आणि सासर कोणत्या गावी?”

पलीकडे दूर कुठेतरी कोंबडा आरवला.

“आठवून नाही राहिलं, माय. बुढा जाईन काय वं माहा?”

मिनलला तिची आई आठवली. आईच्या ओव्यांत सासरच्या गावाचं नाव कधी आलं नाही. तिथून माहेरी जाणारी वाट मात्र झाडाझाडाने यायची.

“आजी, जात्यावर म्हणत होत्या ना? भाऊ न्यायले येते, ते म्हणा.”

“बुढा पडला अन् मी गाणं म्हणू?”

“त्यांच्याचसाठी म्हणा.”

मग पीठ झरावं तसा आवाज झरू लागला. तो ऐंशी वर्षांचा नव्हता.

कवठाच्या दारातून निघे बंधवाची गाडी,
मरीआईच्या ओट्यापाशी वाट होते गं वाकडी.
जोडचिंचेच्या सावलीत बंधू सोडतो…

“काय सोडतो वं? गेलं.”

“जाऊ द्या. पुढचं म्हणा.”

नाल्यापल्याड दिसते माह्या मायची ओसरी.

मिनल दुसऱ्या कानाकडे वळली. “अंकुशभाऊ, गाणं माहेरी येते, तुम्हाले सासरी जायचं आहे. शेवटून निघा. आधी नाला.”

“ओलांडला.”

“आता जोडचिंच.”

“चिंच कुठची, मॅडम? इथं पेट्रोल पंप हाये!”

“कोण्या म्हाताऱ्याले विचारा.”

विचारलं. पंपापाशी ऊन खात बसलेला म्हातारा हसला. “हेच तं जोडचिंच, गा. झाडं गेली, नाव नाही गेलं.”

पुढे शेंदराने माखलेला ओटा आला. रस्ता वाकडा झाला. मिनलने डोळे मिटले. सायरन आधी एका कानात होता. मग हळूहळू तो दुसऱ्याही कानात वाजू लागला.

“कवठ!” अंकुश ओरडला.

“भाऊ आला वं माहा,” देवकीबाई म्हणाल्या.

सोबतच्या डॉक्टरांनी अंगणातच सुई लावली. रक्तातली साखर पार उतरली होती; आता शिरेतून साखर जाऊ लागली. म्हाताऱ्याला गाडीत घेतलं, बाईंना उशाशी बसवलं. पदरात गुंडाळलेला फोन तसाच चालू राहिला. मिनलने तो कापायला हवा होता. कापला नाही.

गाडी आता गाण्याच्या सुलट्या वाटेने धावत होती. काचेतून पाहत देवकीबाई गुणगुणत होत्या. कवठ गेलं. मरीआईचा ओटा गेला. पंपापाशी येऊन ओवी पुन्हा अडली.

“बंधू सोडतो… बंधू सोडतो…”

“शिदोरी,” खालून एक बारीक, घोगरा आवाज आला. “शिदोरी, वं. रोज पहाटे झोपेचं सोंग घेऊन ऐकत होतो मी.”