आजीचे शून्य तास

निकालाच्या दिवशी ओजस्वी पेढे घेऊन परभणीला आजीच्या काचेच्या दाराशी उभी राहिली, आणि दार उघडेना.

“बाबा, माझ्या मनगटाच्या पट्ट्यावर अकरा तास आहेत की!”

विलासरावांनी दारावरचा आकडा वाचला. साथीच्या नवव्या वर्षी माणसांत मिसळायला प्रत्येकाला मोजून तास मिळत, भेट झाली की ते दोघांच्याही नावावरून कापले जात, आणि त्यांच्या आईच्या नावावर शून्य होतं. दहावीच्या वर्गात बसायला नातीला तास कमी पडले, तेव्हा आजीनेच आपले देऊन टाकले होते. “मला म्हातारीला कोण येतंय भेटायला?” असं ती म्हणाली, तेव्हा घरात सगळ्यांना हायसंच वाटलं होतं. परभणीच्या फेरीसाठी आपापले तास राखायचं सगळ्यांना सुचलं. तिने स्वतःला किती ठेवले, हे कुणी विचारलं नाही. दिलेले तास परत करता येत नसत.

पहिला पेढा आजीला भरवायची घरची रीत. काचेपलीकडे तिने सवयीने तोंड उघडलं, मग हसून मिटलं.

“पायरीवर ठेव गं.”

“नवे तास मिळाले की लगेच येते, आजी.”

“येडी का काय! ते तुला अकरावीला लागतील.”

विलासरावांनी मनातल्या मनात अकरावीचे तास मोजले. आईचा हिशेब बरोबर होता.