बुटक्याचं शहर

आईला न्यायला थोरला सकाळीच बहिणीच्या घरी पोचला, तर आई घरातच नव्हती!

"एकटी गेली? तसल्या गुडघ्यांनी?" तो बहिणीवर उखडला.

"भाजी आणायला गेलीय. रोज जाते. पुढच्या गल्लीत तर आहे मंडई."

तो तणतणत निघाला. हे छोटेखानी शहर आखलं होतं बुटक्यानं. नगररचनेच्या वर्गात थोरला पहिला यायचा आणि बुटक्या कसाबसा पास व्हायचा. 'शहरही स्वतःच्याच मापाचं काढलंय लेकाने,' असं थोरला चारचौघांत हसत सांगायचा. आज काही हसू येईना. शाळा, दवाखाना, वाचनालय, सगळं हाकेच्या अंतरावर. जागोजागी सावली, सावलीत बाकं. कुठेतरी चूक सापडावी म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बघत होता. एक सापडेल तर शपथ!

आई भेटली चौकातल्या बाकावर. मांडीवर भाजीची पिशवी, आणि शेजारी साक्षात बुटक्या!

"आलास होय?" आई म्हणाली. मग बुटक्याकडे वळली. "बाळा, हा माझा थोरला. हाही शहरंच आखतो."

हाही! थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि म्हणे बाळा! त्याला अशी हाक तिनं शेवटची कधी मारली होती कोण जाणे.

"ओळखतो ना काकू. आमच्या वर्गातला सगळ्यात हुशार," बुटक्या मनापासून म्हणाला आणि सायकल घेऊन गेला. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

"आई, चल आता. तळमजल्यावर खास तुझ्यासाठी खोली केलीय."

"खोलीला काय झालंय रे? पण दाराबाहेर पडले की नुसता रस्ताच. कुठे जायचं म्हटलं की तुला रजा काढावी लागते."

"आठ पदरी आहे तो! मी आखलाय. बक्षीस मिळालंय त्याला!"

"ठाऊक आहे ना. खिडकीतून तोच तर बघत बसायचे."

आई पिशवी घेऊन उठली. रस्त्याच्या कडेला येताच सवयीनं थोरल्यानं तिचा दंड घट्ट धरला. तिनं तो हळूच सोडवला आणि सरळ पुढे झाली. समोरून आलेली बस तिच्यासाठी थांबली. थोरला मात्र अलीकडेच उभा राहिला.

पलीकडे पोचल्यावर तिनं वळून पाहिलं.

"ये रे," ती म्हणाली. "घाबरू नकोस."