एकच सही

डॉक्टर हत्तुरेंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढला.

"एकात लिहायचंय, हिला सतत दुसऱ्याची मदत लागते. दुसऱ्यात लिहायचंय, ही एकटी राहू शकते. माणूस एक, तारीख एक, खाली सही माझी. कसं करू?"

धम्मप्रिया समोरच्या बाकावर बसली होती. कमरेखाली तिला लहानपणापासून ताकद नव्हती. पहिला कागद शिष्यवृत्तीचा. मदतीशिवाय ज्यांचं चालत नाही, अशाच दिव्यांग विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला त्यातून पैसे मिळणार होते. दुसरा आयर्लंडच्या विद्यापीठाचा. पाच महिन्यांसाठी सोलापुरातून तिची एकटीची निवड झाली होती, पण तिथल्या वसतिगृहात सोबतीला माणूस चालत नव्हता. दोन्ही कागद आज पाचच्या आत पाठवायचे होते.

"दोन्ही खरं आहे सर," ती म्हणाली. "तिथं उंबरठे नाहीत, सगळीकडं रॅम्प आहेत. चाकांची खुर्ची असली की मी स्वयंपाकसुद्धा करते. इथं मला बाबा लागतात."

"आत्ता वर कशी आलीस?"

"बाबांच्या पाठीवर. लिफ्ट बंद आहे. खुर्ची खालीच राहिली."

"मग बघ की." डॉक्टरांच्या आवाजात राग नव्हता. "मला कळतंय गं. पण या कागदात लिफ्ट लिहायला जागा नाही. उद्या कुणी दोन्ही शेजारी धरले तर मी अडकेन, तूही अडकशील. शिष्यवृत्तीवाल्यांना विचारलंस?"

"चारदा. ते म्हणतात विद्यापीठाला विचारा. विद्यापीठ म्हणतं त्यांना विचारा."

डॉक्टरांनी पेन उघडलं. "मी एकावरच करणार. कुठल्यावर, ते तू सांग."

पहिल्यावर सही झाली तर पैसे मिळणार होते आणि जागा जाणार होती. दुसऱ्यावर झाली तर जागा राहणार होती, आणि विमानाचं तिकीटसुद्धा निघणार नव्हतं. पहिल्या कागदातला 'सतत' हा शब्द तिनं पुन्हा एकदा वाचला. मग दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं.

"विचार केलास?"

"केला."

सही झाली, शिक्का पडला. तेवढ्यात दार लोटून त्रिंबक आत आले. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या वाहणारा माणूस. साहेबांपुढं कसं बसायचं म्हणून तिचे बाबा इतका वेळ बाहेरच उभे होते. ओला शिक्का बघून त्यांचा चेहरा उजळला.

"झालं का?"

"झालं, बाबा."

ते तिच्यापुढं वाकले. तिनं दोन्ही हात त्यांच्या गळ्यात घातले आणि कागद चुरगळू नये म्हणून ओठांत धरला. शिष्यवृत्तीचा कागद टेबलावरच राहिला.

जिन्याच्या वळणावर एक म्हातारी भिंतीला चिकटून उभी राहिली.

"लेक लई आजारी हाय का रं?"

त्रिंबक थांबले. दम लागला होता, तरी हसले.

"आजारी न्हाय, मावशी. परदेशी चाललीया शिकाया."

म्हातारीनं कौतुकानं वर पाहिलं. धम्मप्रियानं ओठांतला कागद तसाच घट्ट धरून ठेवला.