हिरवा ठिपका

सोमवारी सकाळी, आदल्या दिवशी हरलेल्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यातला मुका मार अंगात ठणकत असताना, बचावफळीचे सारे खेळाडू अंधार केलेल्या खोलीत आपलाच सामना पडद्यावर पाहायला बसले होते. कॉर्डेल मॅबरी शेवटच्या रांगेत, नेहमीच्या खुर्चीत होता. कॉफीचा पेला त्याने उजव्या हातात धरला होता. डाव्या हाताच्या दोन बोटांना ऊन काय नि गार काय हे कळेनासे होऊन बराच काळ लोटला होता; ते तो कोणाला सांगत नसे.

संघातला सर्वांत अवजड गडी फिफिता याने पुढच्या रांगेतून मान वळवली. "आजोबा, झोपू नका हं. तुमचा सिनेमा यायचाय अजून."

दोघे-तिघे हसले. कॉर्डेलही हसला, आपण हसलो हे त्याला गाल ओढले गेल्यावरून समजले.

बचावाचे प्रशिक्षक हॅस्केट मात्र हसले नाहीत. ते रिमोट हातात घेऊन पडद्याशेजारी उभे होते.

बचाव करणाऱ्या अकरा जणांपैकी एकाच्याच हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोचतो, आणि ते हेल्मेट ओळखू यावे म्हणून त्याच्या मागच्या बाजूला हिरवा ठिपका चिकटवलेला असतो. डाव कोणता लावायचा ते हॅस्केटनी त्या कानात सांगायचे, ठिपकेवाल्याने ते उरलेल्या दहा जणांना ओरडून कळवायचे, आणि चेंडू हलण्यापूर्वीच कानातला आवाज खट्कन बंद व्हायचा. अकरा हंगाम तो ठिपका कॉर्डेलचा होता. गेल्या बुधवारी तो जेव्हन लॉफ्टनला मिळाला. यात अन्याय म्हणावा असे काही नव्हते. लांब फेकीची शक्यता दिसली की कॉर्डेलला अलीकडे बाहेर बोलावीत, कारण त्याचे पाय पुरत नसत. आणि ठिपका त्याचाच, जो मैदान सोडत नाही. हॅस्केटनी हे त्याला दार लावून, सरळ शब्दांत सांगितले होते. लॉफ्टन नवखा आहे, तो अडेल तेव्हा शेजारी तू हवास. तुझे पाय गेले तरी डोळे नि तोंड शाबूत आहेत, आणि तेवढ्याच बळावर तुला पुढच्या हंगामासाठीही ठेवावे म्हणून मी वर भांडू शकेन, असे ते म्हणाले होते. कॉर्डेलने ठीक आहे म्हटले होते आणि तो पायांना पट्ट्या बांधून घ्यायला निघून गेला होता.

पडद्यावर सामन्याची अखेरची मिनिटे सुरू झाली. आपला संघ थोडक्या गुणांनी पुढे. समोरचा संघ गोलरेषेच्या तोंडाशी. त्यांच्या चार प्रयत्नांपैकी हा पहिलाच होता आणि लांब फेकीला जागाच नव्हती, म्हणून कॉर्डेल मैदानात होता. मधोमध उभा असलेला लॉफ्टन एकाएकी तळहाताने आपले हेल्मेट बडवू लागला. कानातला आवाज मध्येच तुटला होता. बाजूच्या रेषेवरून हॅस्केट हातवारे करीत धावताना दिसले. पण ते हेल्मेट बडवणे समोरच्यांनीही पाहिले होते आणि बचावाला सावरायला वेळ मिळू नये म्हणून त्यांनी घाईने रांग धरली. लॉफ्टनने मान वळवून कॉर्डेलकडे पाहिले.

हॅस्केटनी चित्र तेथेच थांबवले.

"मॅबरी. काय दिसतंय तुला इथं?"

"टोकाचा तो दांडगा अर्धं पाऊल बाहेर सरकून उभाय," कॉर्डेल म्हणाला. "धक्का द्यायला नाही, निसटून कोपऱ्यात जायला. आणि मागच्या गड्याचं वजन टाचांवर आहे. चेंडू त्याला देणार नाहीत, नुसता दाखवतील. फेक कोपऱ्यात."

झाले होते ते नेमके तसेच. कोपरा मोकळा होता, आणि सामना तिथेच गेला होता.

"हे आत्ता सुचलं?"

"नाही. तेव्हाच दिसलं होतं."

लॉफ्टन मागे न वळता, कोणाला दोष न देणाऱ्या आवाजात म्हणाला, "मी बघितलं होतं तुमच्याकडं, दादा."

"ठिपका गेला की जीभपण जाते वाटतं," फिफिता पुटपुटला. या वेळी कोणी हसले नाही. जे तो पुटपुटला ते बहुतेकांच्या मनात येऊन गेले होते.

हॅस्केटनी फिफिताला हातानेच गप्प केले आणि ते कॉर्डेलकडे वळले. त्यांचा स्वर चढला नाही. "राग होता तुझ्या मनात? असेल तर तसं सांग. राग मला समजतो."

कॉर्डेलने विचार केला. त्याने राग प्रामाणिकपणे शोधून पाहिला, खिशात किल्ली चाचपावी तसा. तो तिथे नव्हता.

"नाही, कोच."

"मग एक शब्द बोलायचा होता. कोपरा म्हणायचं होतं. काय करत होतास तू?"

कॉर्डेलने पडद्याकडे पाहिले. थांबलेल्या त्या चित्रात त्याच्या संघातील सगळ्यांची तोंडे उघडी होती, हात कुठे ना कुठे दाखवीत होते. एकटा तो स्थिर उभा होता. मान किंचित कललेली, आणि उजवा पंजा हेल्मेटच्या कानावर घट्ट दाबलेला.

"वाट बघत होतो."

"कुणाची?"

"तुमच्या आवाजाची."

हॅस्केटचा अंगठा रिमोटवर होता, तो हलला नाही. त्यांनी कोणाला तरी दिवे लावायला सांगितले. उजेडात पडद्यावरचे चित्र फिके पडले, माणसे पुसट झाली, गोलरेषा दिसेनाशी झाली. कानावरचा तो पंजा तेवढा अजून दिसत होता.