पलंगावरून खुर्चीत

"पट्टा अजून घट्ट," व्हर्ना म्हणाली. "बोटं जेमतेम शिरली पाहिजेत."

रोलीने पेशंटच्या कमरेचा पट्टा आवळला. दोन बोटं आत घालून पाहिली.

मागच्या आठवड्यात एका शिकाऊ मुलीच्या हातून पेशंट निसटली होती. डावा गुडघा ऐनवेळी दुमडला आणि सगळं अंग फरशीवर आलं. हाड मोडलं नाही, पण तो धप्प आवाज व्हर्नाच्या कानातून जात नव्हता. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत न्यायचं नुसतं नाव काढलं तरी तिचे तळवे गार पडत.

पण आज टाळता येणार नव्हतं. शुक्रवारी डॉक्टरांची बैठक होती. पेशंट उभी राहिली तर घरी, नाहीतर नर्सिंग होममध्ये. तेही कायमचं.

डुलुथच्या कॉलेजात व्हर्नाने हयातभर फिजिओथेरपी असिस्टंट घडवले होते. रोली तिच्या शेवटच्या बॅचचा. पस्तिशीपर्यंत लोकांच्या घरांची छपरं बसवली, पाठ बोलायला लागली तेव्हा हा कोर्स धरला. लेखी परीक्षेत कसाबसा तरायचा. तरी आजच्या कामासाठी व्हर्नाने त्याचंच नाव घेतलं होतं.

थेरपिस्ट कॅरिन दाराशी उभी होती. असिस्टंटवर देखरेख तिची.

"व्हर्ना, मी होऊ का पुढे?"

"नको. त्याला करू दे."

"तुझा हट्ट म्हणून हं. मी मशीन लावून उचललं असतं."

पेशंट पलंगाच्या कडेला बसली होती. लकवा मारलेला डावा हात मांडीवर पडला होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. व्हर्नाने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"तुझा पाय कुठे?" तिने विचारलं. ती एकेक शब्द सावकाश बोलत होती.

"पेशंटच्या डाव्या गुडघ्यासमोर माझा गुडघा. तिचा दुमडला तर माझ्यावर टेकेल."

"खुर्ची?"

"चांगल्या बाजूला. ब्रेक लावलाय."

"परत बघ."

रोलीने ब्रेक पुन्हा तपासला. मग वाकला, पट्टा धरला, एक-दोन-तीन म्हटलं आणि उचललं.

व्हर्नाचा श्वास अडकला. खोली कलली. खिडकीतलं गोठलेलं सरोवर तिरपं झाल्यासारखं वाटलं.

"उचल," ती म्हणाली.

रोलीने पेशंटला अलगद परत खाली बसवलं.

"मी उचल म्हटलं."

"ऐकलं, मॅडम. पण ओठ पांढरे पडलेत. आधी प्रेशर बघतो."

"शुक्रवार आलाय तोंडावर."

"येऊ दे की. पडायला काही मुहूर्त लागत नाही."

कॅरिन हसली. व्हर्ना नाही हसली. तिला राग आला होता, आणि रागाखाली भीती होती. सांगणारा कोणीही असो, डॉक्टर असो की खुद्द मास्तरीण, डोळ्यांना धोका दिसला की थांबायचं, हे ती दर वर्षी वर्गात घसा फोडून सांगायची. तिच्याच तोंडावर मात्र आजवर कोणी तसं थांबलं नव्हतं.

प्रेशर खरंच उतरलं होतं. रोलीने पेशंटला उजवी टाच वर-खाली करायला लावली, पाणी पाजलं. घाई केली नाही. पुन्हा मोजलं. मग कॅरिनकडे पाहिलं.

"आता ठीक वाटतंय. उभं करू ना?"

"कर," कॅरिन म्हणाली.

राहू दे, नर्सिंग होममध्येही माणसंच राहतात, हे व्हर्नाच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

रोलीने पुन्हा पट्टा धरला. एक. दोन. तीन.

डावा गुडघा लटपटला, रोलीच्या गुडघ्यावर आदळला आणि तिथेच थांबला. पाठ सरळ होत गेली. कॅरिनने दाराची कड घट्ट धरली होती. ती सोडायचं तिला भान नव्हतं.

व्हर्नाने डोळे मिटले. आता तो आवाज येणार म्हणून ती वाट बघत राहिली.

आवाज आला नाही.

"डोळे उघडा, मॅडम," रोली म्हणाला. "मी धरलंय तुम्हाला. आता हळूहळू खुर्चीकडे वळा."